नव्या रेस्टो-बारचं इंजिनिअरिंग

इंजिनिअरिंग कॉलेजच्या आजूबाजूला दोन गोष्टींचा धंदा कधी बसत नाही. एक झेरॉक्सवाला आणि दुसरा नवीन हॉटेलाचं फर्निचर करणारा सुतार. सबमिशनच्या आधी ज्या जागेला शटर होतं, तिथे ओरल्स संपेपर्यंत पिवळे बल्ब लटकलेले असतात, बाहेर खडूने इंग्रजी लिहिलेला काळा फळा असतो, आणि हॉस्टेलच्या कट्ट्यावर एकच विषय असतो : "जाऊन आलास का?"

पुण्यात बाणेर, बालेवाडी, कोरेगाव पार्क, कुठेही बघा. या जागांना रेस्टो-बार म्हणतात. धड उडपी नाही, धड पंचतारांकित नाही. जुन्या परमिट रूमसारखा अंधार नाही, तांबडा दिवा नाही, कोपऱ्यात एकटेच बसलेले काका नाहीत. चप्पल घालून गेलं तरी चालतं, घरची मंडळीही येतात, आणि दारू न पिणाऱ्यालाही तिथे बसायची लाज वाटत नाही. खायला काय? नाचोज, बाओ, पिझ्झा, आणि आपला ठेचा पण चीजच्या पांघरुणाखाली.

या लेखात मी कुठल्याही हॉटेलाला स्टार देणार नाही. आपण मेकॅनिकलवाले. मशीन दिसलं की ते उघडून बघायचं ही आपली खोड. रेस्टो-बार हेही एक मशीनच आहे. एका बाजूने मैदा, चीज, वीज आणि महिनाअखेरचे विद्यार्थी आत जातात, दुसऱ्या बाजूने बिल बाहेर येतं. मधे काय घडतं ते समजून घेऊ.

त्याआधी एक एकक ठरवून घेऊ. आमच्या मेसचं महिन्याचं बिल ३,६०० रुपये. दोन वेळची मिळून ६० जेवणं. म्हणजे एक ताट बरोबर ६० रुपये. (रविवार संध्याकाळच्या सुट्टीचा विषय मेसच्या काकांशी वेगळा बोलू.) या लेखापुरतं "ताट" हे चलन धरा. ४२० रुपयांचे नाचोज म्हणजे सात ताटं. आता पुढे चला.

मेनूकार्ड : वाचायचं कमी, रचलेलं जास्त

आपण समजतो की मेनूकार्ड ही पदार्थांची यादी आहे. नाही. ते एक डिझाइन आहे, आणि त्याला चक्क "मेनू इंजिनिअरिंग" असंच नाव आहे. १९८२ मध्ये अमेरिकेतल्या मिशिगन स्टेट विद्यापीठातल्या मायकेल कासावाना आणि डोनाल्ड स्मिथ या दोघांनी ही पद्धत मांडली. आपल्या मॅनेजमेंटच्या पेपरात शोभेल इतकी ती सोपी आहे. प्रत्येक पदार्थाला दोनच प्रश्न विचारायचे. खपतो किती? आणि एका प्लेटमागे सुटतात किती?

दोन प्रश्न, म्हणून चार खाने. भरपूर खपतो आणि भरपूर सुटतात, तो "तारा". भरपूर खपतो पण सुटत फारसं नाही, तो "नांगराचा घोडा" (आपल्याकडे बैल म्हणू). सुटतात भरपूर पण मागत कुणी नाही, ते "कोडं". आणि खपतही नाही, सुटतही नाही, त्याला त्यांनी सरळ "कुत्रा" म्हटलं आहे. खपाची पास होण्याची रेषाही ठरलेली आहे. एका गटात २० पदार्थ असतील तर प्रत्येकाचा सरासरी वाटा ५ टक्के. त्याच्या ७० टक्के, म्हणजे एकूण खपाच्या ३.५ टक्के ज्याने गाठले तो पास. त्याखाली एटीकेटी.

मग मालक काय करतो? ताऱ्याला हात लावत नाही, त्याला चौकटीत बसवतो, बाजूला मिरचीचं चित्र काढतो. बैलाची किंमत हळूच वाढवतो किंवा त्यातलं पनीर कमी करतो. कोड्याचं नाव बदलतो. साधा बटाटा "स्मॅश्ड पोटॅटो" होतो आणि दुसऱ्या आठवड्यापासून खपायला लागतो. कुत्र्याला काढून टाकतो. म्हणून तुम्हाला आवडलेला पदार्थ दोन महिन्यांनी गायब झालेला दिसला, तर समजा की तो तुमच्याशिवाय कुणालाच आवडत नव्हता.

अजून एक गंमत. नव्या जागांच्या कार्डावर किमतीसमोर "रु." लिहिलेलं नसतं, नुसता आकडा असतो. "४२०". हा छपाईचा कंटाळा नव्हे. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या २००९ मधल्या एका अभ्यासात असं दिसलं की चलनाचं चिन्ह किंवा शब्द नसलेलं कार्ड हातात आलेल्या गिऱ्हाइकांनी जास्त खर्च केला. पैशाची आठवण झाली नाही की हात सैल सुटतो. म्हणून मी कार्ड वाचताना मनातल्या मनात प्रत्येक आकड्याला साठने भागतो. भूक एकदम आटोक्यात येते.

मग ही लूट आहे का?

हा प्रश्न कट्ट्यावर हमखास येतो. "अरे, या नाचोजला यांना पडतात किती? शंभर रुपये!" बरोबर आहे. कच्च्या मालाचा खर्च विक्रीच्या किमतीच्या साधारण तीस टक्क्यांच्या आसपास ठेवायचा असा या धंद्यातला ढोबळ हिशेब असतो. म्हणजे ४२० च्या प्लेटमध्ये मक्याचे तुकडे, चीज, राजमा, टोमॅटो मिळून सव्वाशे रुपये. उरलेले जागेचं भाडं, पगार, गॅस, एसीचं वीजबिल, परवान्यांची फी, फुटलेले ग्लास, आणि फेकून द्यावं लागलेलं अन्न यात जातात. त्यातूनही उरलं तर नफा.

थोडक्यात, आपण तिथे पदार्थ विकत घेतच नाही. आपण खुर्ची भाड्याने घेतो. मेसमध्ये आपण वीस मिनिटांत उठतो, कारण मागे ताट घेऊन दुसरा उभा असतो. इथे आपण एका लाइम सोड्यावर दोन तास बसतो. त्या दोन तासांचं भाडं नाचोजच्या किमतीत मिसळलेलं आहे. "एकावर एक फ्री" संध्याकाळी साडेचार ते साडेसातच का असतं, याचं उत्तरही इथेच आहे. भाडं, पगार आणि एसी यांचा मीटर चालूच असतो, खुर्च्या मात्र रिकाम्या असतात. विमानाच्या रिकाम्या सीटसारखं आहे ते. त्या तासाला खुर्ची विकली गेली नाही तर ती कायमची वाया गेली, ती फ्रीजमध्ये ठेवून उद्या विकता येत नाही. म्हणून त्या वेळी मालक कमी नफ्यावरही खूष. ज्यांना खिसा सांभाळून नवीन जागा बघायची आहे त्यांनी मंगळवारी पाच वाजता जावं. शनिवारी रात्री नऊला जाणं म्हणजे तत्काळचं तिकीट काढणं.

सिझलर : टेबलावरचं हीट ट्रान्सफर

आता खाण्याकडे येऊ. ट्रेंडी पदार्थ कितीही आले-गेले तरी एक जुनाच पदार्थ सगळ्या टेबलांच्या माना वळवतो. तो म्हणजे सिझलर. आणि अभिमानाने सांगायची गोष्ट ही की, आपल्याकडे तो लोकप्रिय झाला तो मुंबईतून. १९६० च्या दशकात फिरोज इराणी यांनी मुंबईत "द सिझलर" नावाने हॉटेल काढलं. पुढे पुण्याच्या कॅम्पातही त्यांनी सिझलर आणलं. लाकडी पाट, त्यावर बिडाची तापलेली प्लेट, त्यावर कोबीची पानं, आणि त्यावर सगळा संसार. ही रचना आपल्या दोन-तीन पिढ्यांच्या वाढदिवसांना पुरून उरली आहे.

आता हिशेब करू. बिडाची प्लेट एक किलोची धरा, आणि ती २५० अंश सेल्सिअसला तापवली आहे असं समजा. बिडाची विशिष्ट उष्णता किलोला अंशामागे सुमारे ०.४६ किलोज्यूल. १०० अंशांपर्यंत थंड होताना ती देते ०.४६ गुणिले १५०, म्हणजे ६९ किलोज्यूल. खोलीच्या तापमानाचं एक ग्रॅम पाणी उकळून वाफ करायला लागतात सुमारे २.६ किलोज्यूल. म्हणजे ही सगळी उष्णता पाण्यालाच मिळाली तर २६-२७ ग्रॅम पाण्याची वाफ होईल. जेमतेम दोन चमचे. पण एक ग्रॅम पाण्याची वाफ जागा घेते जवळजवळ पावणेदोन लिटर! दोन चमच्यांतून चाळीसेक लिटर वाफ. म्हणून एवढा मोठा ढग उठतो, आणि म्हणून वेटर सॉस स्वयंपाकघरात न ओतता शक्यतो टेबलाजवळ ओततो. ढग गिऱ्हाइकासमोर उठला पाहिजे, आचाऱ्यासमोर उठून काय उपयोग?

तो चर्र आवाज म्हणजे थेंबाखाली अचानक झालेल्या वाफेचे बारीक बारीक स्फोट. गंमत म्हणजे प्लेट फार जास्त तापली असेल तर सुरुवातीला आवाज कमी येतो. थेंबाखाली वाफेची गादी तयार होते, थेंब प्लेटला टेकतच नाही, नुसता नाचत राहतो. १७५६ मध्ये योहान लायडेनफ्रॉस्ट या जर्मन डॉक्टरने याचं वर्णन लिहिलं, म्हणून त्याचंच नाव या परिणामाला मिळालं. आपल्या आया तवा तापला का ते बघायला पाण्याचे थेंब शिंपडतात तेव्हा हाच प्रयोग करतात. जर्नलमध्ये लिहीत नाहीत इतकंच.

आणि कोबी? तो सजावटीला नाही. तो इन्सुलेशन आहे. पानांत भरपूर पाणी असतं, त्यामुळे ती स्वतः जळेपर्यंत वरच्या भाताला आणि कटलेटला वाचवतात. कोबी खाऊ नका असं कुणी सांगितलेलं नाही. आमच्या टेबलावर सगळ्यात आधी काठाचा कुरकुरीत कोबी संपतो.

धुराचा ग्लास : इथे मात्र थांबा

हल्ली ग्लासातून पांढरा धूर वाहत येतो. फोटोला छान. पण हा भाग मी हसत लिहिणार नाही.

हा धूर बहुतेक वेळा कोरड्या बर्फाचा असतो. कोरडा बर्फ म्हणजे गोठवलेला कार्बन डायऑक्साइड, तापमान उणे ७८.५ अंश. तो वितळत नाही, सरळ वायू होतो. दिसतो तो पांढरा लोट कार्बन डायऑक्साइडचा नव्हे, तो वायू डोळ्यांना दिसत नाही. थंडीने हवेतली वाफ गोठून झालेलं ते धुकं आहे. धुकं निरुपद्रवी. पण तळाशी असलेला खडा निरुपद्रवी नाही. एक ग्रॅम खड्याचा अर्ध्या लिटरहून जास्त वायू होतो, आणि त्वचेला तो चिकटला तर तव्याने भाजावं तशी जखम होते. मार्च २०२४ मध्ये गुरुग्राममधल्या एका कॅफेत जेवणानंतर माउथ फ्रेशनर म्हणून समोर आलेला कोरडा बर्फ पाच जणांनी तोंडात टाकला. तोंडातून रक्त आलं आणि त्यांना दवाखान्यात न्यावं लागलं.

द्रव नायट्रोजन त्याहून भयंकर. तापमान उणे १९६ अंश, आणि एका लिटरचा वायू होतो सुमारे सातशे लिटर. तो पोटात गेला तर काय होईल याचं गणित करायला इंजिनिअर व्हावं लागत नाही. २०१२ मध्ये इंग्लंडमधल्या लँकेस्टर गावात एका मुलीने तिच्या अठराव्या वाढदिवसाला असं कॉकटेल प्यायलं आणि डॉक्टरांना तिचं जठर काढून टाकावं लागलं. २०१८ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने टेबलावर ऐन वेळी द्रव नायट्रोजन घालून दिल्या जाणाऱ्या पदार्थांपासून लांब राहा असा जाहीर इशारा दिला.

नियम सोपा. धूर पूर्ण थांबेपर्यंत ग्लास तोंडाला लावायचा नाही, आणि तळाशी खडा दिसला तर लावायचाच नाही. "दादा, यात काय घातलंय?" हे वेटरला विचारण्यात काही कमीपणा नाही. व्हायव्हात आपण न लाजता "माहीत नाही सर" म्हणतो, मग इथे कसली लाज?

ओरडून का बोलावं लागतं?

रेस्टो-बारमधून आल्यावर सगळ्यांचा घसा बसलेला असतो. दोष गाण्यांना दिला जातो. खरा गुन्हेगार छत आहे.

आजकाल फॅशन आहे ती उघड्या विटा, सिमेंटची भिंत, लोखंडी पाइप, फॉल्स सीलिंग नाही. दिसायला भारदस्त, करायला तुलनेने स्वस्त. पण हे सगळे पृष्ठभाग आवाज परत फेकतात. सिव्हिलवाल्या मित्रांना साबिनचं सूत्र माहीत असेल : आवाज विरायला लागणारा वेळ म्हणजे ०.१६१ गुणिले खोलीचं घनफळ, भागिले एकूण शोषण. २० बाय १० मीटरचा, ५ मीटर उंचीचा हॉल घ्या. घनफळ १,००० घनमीटर, सगळ्या पृष्ठभागांचं क्षेत्रफळ ७०० चौरस मीटर. कडक पृष्ठभाग जेमतेम ३ टक्के आवाज शोषतात असं धरलं तर शोषण २१, आणि वेळ येतो साडेसात सेकंदांच्या वर. देवळाचा गाभारा झाला! शंभर माणसं आत बसली की माणसांचे कपडे आणि शरीरं आवाज शोषतात, माणशी अर्धा चौरस मीटर धरा, आणि वेळ सव्वादोन सेकंदांवर येतो. तरीही बोलायला वाईटच. छताला आवाज शोषणाऱ्या टाइल्स लावल्या तर तो एका सेकंदाच्या आत येईल.

त्यात भर माणसाच्या स्वभावाची. गोंगाट वाढला की आपण नकळत आवाज चढवतो. एत्येन लोम्बार्द या फ्रेंच डॉक्टरने १९११ मध्ये हे नोंदवलं. प्रत्येक टेबल शेजारच्या टेबलावर आवाज चढवतं, हॉटेलवाला गाण्याचा आवाज वाढवतो, आणि साडेनऊला सगळे खुणांनी बोलत असतात. उपाय : कोपऱ्यातली, पडद्याजवळची, सोफ्याची जागा मागा. मऊ वस्तूंजवळ शांतता मिळते.

ग्लासाचा भाग आणि कायदा

रेक्टर सर हा अंक वाचतात, त्यामुळे हा भाग जपून लिहितोय असं समजू नका. तो आहेच असा.

महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा आजही लागू आहे, आणि त्यानुसार दारू प्यायला परवाना लागतो. एक दिवसाचा, वर्षाचा, किंवा आजीवन. वयाची अट वाइन आणि सौम्य बिअरसाठी २१, आणि व्हिस्की, रम, व्होडका वगैरेंसाठी २५ पूर्ण. म्हणजे अठराव्या वर्षी प्रवेश घेऊन वेळेवर पास होणारा आपला विद्यार्थी पदवी हातात आल्यावरही तीन वर्षं व्हिस्कीला अपात्र असतो! आपल्यातले बहुतेक जण तर बिअरलाही अपात्र आहेत. हॉटेलात कुणी ओळखपत्र विचारत नाही, हा युक्तिवाद नाही.

पुण्यात हा विषय गमतीचा राहिलेला नाही. १९ मे २०२४ च्या पहाटे कल्याणीनगरमध्ये एका भरधाव पोर्शे गाडीने मोटारसायकलवरच्या दोन तरुण इंजिनिअरांना उडवलं. दोघंही गेले. गाडी चालवणारा १७ वर्षांचा होता आणि तो बारमधून दारू पिऊन निघाला होता असा आरोप आहे. गेलेली दोघं आपल्यासारखीच कुठल्या तरी कॉलेजातून सबमिशनं करून बाहेर पडलेली होती. मोटार वाहन कायद्यात १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम ही मर्यादा आहे. पहिल्याच गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पण दंडासाठी नव्हे, समोरून येणाऱ्यासाठी रिक्षा करा.

क्राफ्ट बिअर क्राफ्ट बिअर म्हणतात ते काय, एवढं सांगून हा विषय संपवतो. सातूचा मॉल्ट, हॉप्सची फुलं, यीस्ट आणि पाणी, हेच घटक, पण कारखान्याऐवजी छोट्या टाकीत, थोड्या प्रमाणात बनवलेली आणि ताजी दिलेली. आपल्याकडे ही लाट पुण्यातूनच उठली, २००९ मध्ये डूलालीपासून. काचेमागे चमकणाऱ्या स्टीलच्या टाक्या बघायला केमिकलवाल्यांनी जरूर जावं. बघायला वयाची अट नाही.

आता बिल

मागच्या सेमिस्टरला आम्ही सहा जण एका नव्या जागी गेलो होतो. चार हॉस्टेलचे, आणि दोन पास-आउट सीनियर दादा, जे हिंजवडीत नोकरी करतात. दादांनी दोन-दोन ग्लास बिअर घेतली, आम्ही चौघांनी लाइम सोडा. आमच्यातला लातूरचा मित्र जागेवर बसल्या बसल्या म्हणाला, "मी मेसमध्ये जेवून आलोय, मला काही नको." हे वाक्य लक्षात ठेवा.

बिल आलं ते असं. खाणं, लाइम सोडा आणि पाण्याच्या दोन बाटल्या मिळून ३,५००. चार ग्लास बिअर १,६००. खाण्यावर १० टक्के सर्व्हिस चार्ज ३५०. त्या ३,८५० वर ५ टक्के जीएसटी १९२.५०. बिअरवर १० टक्के व्हॅट १६०. एकूण ५,८०२ रुपये ५० पैसे.

एकेक ओळ सोडवू.

जीएसटी : १५ नोव्हेंबर २०१७ पासून साध्या रेस्टॉरंटमधल्या खाण्यावर ५ टक्के, अडीच केंद्राचा, अडीच राज्याचा. एसी असो वा नसो. मोठ्या महागड्या हॉटेलांतल्या रेस्टॉरंटांना १८ टक्के.

व्हॅट : दारू जीएसटीच्या बाहेर आहे, तिच्यावर राज्याचा कर. महाराष्ट्रात परमिट रूमसाठी तो १ नोव्हेंबर २०२३ पासून ५ वरून १० टक्के झाला. बिअरच्या रकमेवर जीएसटी लावलेला दिसला तर तो चुकीचा आहे.

पाण्याची बाटली : छापील किंमत २०, बिलात १००. हे बेकायदेशीर वाटतं, पण डिसेंबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की हॉटेलात बसून घेतलेल्या बाटलीला छापील किमतीचं बंधन नाही, कारण तिथे नुसती वस्तू नव्हे तर सेवाही विकली जाते. पुन्हा तेच, खुर्चीचं भाडं! म्हणून बसताक्षणी "साधं पाणी द्या" असं स्पष्ट सांगा. "पाणी" एवढंच म्हटलं की बाटली उघडली जाते.

सर्व्हिस चार्ज : हा कर नाही. सरकारकडे जात नाही. ही हॉटेलने स्वतः लावलेली रक्कम आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी मार्गदर्शक सूचना काढल्या की हॉटेलांनी तो बिलात आपोआप लावू नये आणि सक्ती करू नये. हॉटेलवाले कोर्टात गेले. दिल्ली उच्च न्यायालयाने २८ मार्च २०२५ रोजी या सूचना योग्य ठरवल्या. म्हणजे "हा काढा" म्हणायचा हक्क तुम्हाला आहे. नाही काढला तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे.

मी मॅनेजरकडे गेलो, शांतपणे सांगितलं. त्याचा चेहरा थोडा आंबला, पण दोन मिनिटांत नवीन बिल आलं : ३,५०० अधिक जीएसटी १७५, अधिक बिअर आणि व्हॅट १,७६०. एकूण ५,४३५. वाचले ३६७ रुपये ५० पैसे, म्हणजे सहा ताटं. मग त्यातले २०० आम्ही आमचं टेबल सांभाळणाऱ्या मुलाच्या हातात दिले. तो आमच्याच वयाचा होता, रात्री बारापर्यंत उभा राहणार होता. सर्व्हिस चार्ज नाकारणं आणि वेटरला विसरणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

सगळ्यात अवघड गणित : वाटणी

"चला, भागिले सहा." ५,४३५ भागिले सहा, माणशी ९०६. पंधरा ताटं. लातूरचा मित्र काही न बोलता मोबाइल काढून पैसे पाठवायला लागला. महिन्याची सव्वीस तारीख होती. जेवून आलो म्हणणारा तो माणूस मेसमध्ये जेवलेला नव्हता हे मला माहीत होतं, कारण मेसला आम्ही एकाच टेबलावर बसतो.

मी टिश्यू पेपर घेतला आणि मांडलं. बिअर व्हॅटसह १,७६०, ती दोघांत, माणशी ८८०. लाइम सोडा करासह १५७.५०, ज्याचा त्याचा. राहिलेलं खाणं आणि पाणी ३,०४५, ते सहांत, माणशी ५०७.५०. म्हणजे सोडावाल्याला ६६५ आणि बिअरवाल्याला १,३८७.५०. भागिले सहा केलं असतं तर न पिणारा प्रत्येक जण दादांच्या बिअरसाठी २४१ रुपये भरत होता. चार ताटं. दादांनी कागद बघितला आणि त्यातला एक हसून म्हणाला, "अरे, आम्हाला कळलंच नाही. आधी सांगायचं ना!" विषय तिथेच संपला. कुणी रागावलं नाही.

त्याला कळलं नव्हतं हे अगदी खरं होतं. पगार सुरू झाला की ९०६ चा आकडा दिसेनासा होतो. आणि ज्याला तो दिसतो तो कधीच बोलत नाही. तो "पोट बिघडलंय", "उद्या ओरल आहे", "मी जेवून आलोय" असं काहीतरी सांगतो, आणि तीन वेळा असं झालं की चौथ्या वेळी यायचंच बंद करतो. आपल्याला वाटतं, तो आजकाल घुम्या झालाय. तो घुम्या झालेला नसतो, त्याने फक्त भागाकार आधी केलेला असतो.

म्हणून या मशीनचं ऑपरेटिंग मॅन्युअल माझ्याकडून असं घ्या. निघण्याआधी हॉस्टेलवरच माणशी रक्कम ठरवा, आणि ती सगळ्यात कमी पैसे असलेल्याला झेपेल अशी ठरवा. दारूचं बिल सुरुवातीलाच वेगळं करायला सांगा. तसं मागितलं तर देतात. पाणी साधं मागा. सहा जणांना चार प्लेटा पुरतात, पाचवी प्लेट फोटोसाठी असते. धुराच्या ग्लासाला हात लावू नका. बिल मोठ्याने वाचा, त्यात लाजण्यासारखं काही नाही, लॅबमध्ये रीडिंग मोठ्याने वाचतोच ना. आणि कुणी "जेवून आलोय" म्हटलं, तर "कुठे?" असं विचारू नका. त्याच्या पुढ्यात प्लेट सरकवा, वाटणीचं आधीच ठरलेलं आहे हे त्याला कळेल अशा बेताने.

नवीन जागा बघायलाच पाहिजेत. चार वर्षं फक्त मेस आणि कँटीन बघून बाहेर पडलेला इंजिनिअर पहिल्या ऑफिस पार्टीत बावरतो. पण जागा चांगली होती की नाही हे ठरवायची माझी कसोटी एकच आहे. जाताना जितके होतो, पुढच्या वेळीही तितकेच निघालो पाहिजे.